लेहरा धरताना

तबल्याच्या स्वतंत्र वादनाची पत्रिका छापतात तेव्हा वादकाचं नाव मोठ्या टायपात असतं. तळाशी, ठिकाण आणि वेळेच्या जरा वर, बारीक अक्षरांत 'लेहरासाथ' असं लिहून आणखी एक नाव असतं. सांगली, मिरज, कोल्हापूरकडच्या कितीतरी पत्रिकांवर गेली २५-२६ वर्षं त्या जागी माझं नाव येतंय. मी पेटी वाजवते. १६ मात्रांची एकच ओळ. कधी पाऊण तास, कधी सव्वा तास, तीच ती ओळ.

लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, एका पूर्ण फेऱ्यात, नेमकी बसणारी सुरावट. कुणी तिला नगमा म्हणतं. आमच्याकडे बहुतेक वेळा चंद्रकंस रागातला, सोळा मात्रांच्या तीनतालाचा लेहरा असतो, कधी किरवाणीतला. तबलजीचं घड्याळ हेच. बोटं पेशकार, कायदा, रेला अशा तबल्याच्या रचनांत गुंतलेली असताना तो एक-दोन-तीन मोजत बसत नाही. ओळ कुठं आलीय ते त्याला ऐकू येतं आणि त्यावरून आपण कुठं आहोत ते कळतं. म्हणून 'स्वतंत्र वादन' या शब्दापाशी मी नेहमी थबकते. त्या बैठकीत सगळ्यांत मोकळा असतो तो तबलजी, आणि त्याला तितकं मोकळं होता यावं म्हणून शेजारी कुणीतरी एका ओळीला बांधून घेतलेलं असतं.

एकच ओळ तर वाजवायची, असं लोकांना वाटतं. पहिली दहा मिनिटं मलाही तसंच वाटतं. मग ओळ बोटांत बसते, आणि खरी परीक्षा तिथून पुढं. बोटांत बसलेली ओळ आपोआप चालते, आणि आपोआप चालणाऱ्या ओळीची लय कधी ढळली ते कळत नाही. तबला दुगुणीत गेला की तिला त्याच्याबरोबर पळावंसं वाटतं. तो आडात, म्हणजे दीडपट चालीत, गेला की हिचा तोल जातो. समोर इतकं देखणं काही घडत असतं की सगळा जीव कानात येतो, आणि तेव्हाच हात मात्र आपल्या चालीनं चालत राहिला पाहिजे. हे मला जमायला फार वर्षं लागली. त्याची एक गोष्ट आहे, ती पुढं सांगते.

वादन सुरू व्हायच्या आधीची पाच-दहा मिनिटं मला फार प्रिय आहेत. मी काळी एकचा षड्ज धरून बसते. वादक तबला चुंबळीवर नीट टेकवतो, हातोडी घेतो आणि एकेक घर तपासत जातो. पुडीची, म्हणजे तबल्याच्या चामडी तोंडाची, सोळा घरं. तिच्या कडेच्या गजऱ्यावर वरून ठोका दिला की सूर चढतो, खालून दिला की उतरतो. एका घरातला सूर बरोबर लागला की समोरचं घर, मग त्याच्या शेजारचं. आमचे बरेच कार्यक्रम गुरुपौर्णिमेचे, म्हणजे आषाढातले. दमट हवेनं चामडं सैल पडलेलं असतं, घरी लावून आणलेला तबला सभागृहात येईपर्यंत उतरलेला असतो. आणि रंगमंचावरच्या दिव्यांखाली वीसेक मिनिटं गेली की तोच तबला चढायला लागतो. चाटेवर, पुडीच्या कडेच्या पट्टीवर, बोट पडतं, 'ना' वाजतो, माझा षड्ज आणि त्याचा षड्ज यांच्यात केसभर अंतर राहिलेलं असतं आणि त्या अंतरात एक कंप ऐकू येतो. हातोडीचा आणखी एक हलका ठोका पडतो. कंप विरतो. आता कुठला सूर पेटीचा आणि कुठला तबल्याचा ते सांगता येत नाही.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मदतीची मैफल झाली. रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखा. वाद्यं लावून झाली आणि हजारोंच्या त्या गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं काही रविशंकर हसून बोलले. ध्वनिमुद्रिकेत ते आजही ऐकता येतं. हा किस्सा आपल्याकडे परदेशी श्रोत्यांच्या अज्ञानाचा म्हणून सांगतात. मला त्या टाळ्यांत काही चूक वाटत नाही. दोन वाद्यं एका सुरात येतात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो आला म्हणून कुणी टाळी दिली तर ती दादच आहे.

मग पेशकार सुरू होतो. विलंबित लय, दोन मात्रांमध्ये इतकी जागा की त्यात माणूस घर बांधून राहील. पेशकारानंतर कायदा. तबल्याच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात तोच 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना' एखादा जाणता वादक सोलोत घेतो, तेव्हा सभागृहातली सगळी पोरं सरसावून बसतात, कारण हा त्यांचा कायदा असतो. त्याचे पलटे सुरू होतात. शब्द तेच, नवा एकही अक्षर आत घ्यायचा नाही, फक्त जागा बदलायच्या. धाधातिट धाधातिट, तिटधा तिटधा. अर्ध्या वाटेवर डग्गा गप्प होतो, नुसती चाट बोलते, आणि परतीच्या वाटेवर घुमारा पुन्हा भरून येतो. मी ओळीच्या 'खाली'वर असते, म्हणजे टाळीऐवजी हात उलटा करतात त्या नवव्या मात्रेवर, तेव्हा हा रिकामेपणा मला बोटांखाली जाणवतो.

आणि तिहाई. तिच्याबद्दल मी किती बोलू शकते याला अंत नाही, म्हणून एकच सांगते. 'तिटकत गदिगन धा.' तीन मात्रांचा तुकडा. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलायचा आणि तीनदा म्हणायचा. पहिला धा अकराव्या मात्रेवर पडतो, दुसरा चौदाव्यावर, तिसरा बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. तबल्यातली ही सगळ्यांत साधी तिहाई. कागदावर मांडली तर तीन त्रिक नऊ, यापलीकडे तीत काही नाही. पण सभागृहात बसून ऐकताना पहिल्या धा ला कान टवकारतात, दुसऱ्याला मान उचलली जाते आणि तिसऱ्याला दीडशे माणसांचे हात एकदम खाली येतात. ते हात मला समोरून दिसतात. पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरणारं कुणी ना कुणी असतंच, टाळीला तळवा, खालीला उलटा हात. वादन जितकं अवघड होत जातं तितकी ही माणसं आपला साधा ताल घट्ट धरतात. तेही लेहराच धरत असतात, असं मला पुष्कळ वर्षांनी उमगलं.

गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर 'लयभास्कर' म्हणून ओळखले गेले ते याच अंगासाठी. हातांनी एक ताल, पायांनी दुसरा, तोंडानं आणखी तिसऱ्याच हिशेबाचे बोल, आणि सगळं मिळून समेवर एकत्र. त्यांच्या कथा जुन्या लोकांकडून ऐकताना मला वाटायचं, हा माणूस स्वतःच तबलजी, स्वतःच लेहरा आणि स्वतःच पहिल्या रांगेतला श्रोता होता.

आता ती गोष्ट. मी विशीच्या आत होते. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, वर्गातला सर्वांत तयारीचा विद्यार्थी सोलोला आणि लेहऱ्याला मी. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. त्यानं चाळीस मिनिटं अतिशय सुंदर वाजवलं आणि शेवटाकडे एक मोठी चक्रदार काढली. चक्रदार म्हणजे तिहाईवर संपणारा अख्खा तुकडा पुन्हा तीनदा. मला ती ठाऊक होती, तालमीत दहा वेळा ऐकली होती. त्या दिवशी ती इतकी स्वच्छ निघाली की मी ऐकतच राहिले. पहिला फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्या फेऱ्यात माझी बोटं ओळीच्या मधल्या जागेवरून, जिथं चढताना आणि उतरताना सूर सारखेच येतात तिथून, चुकून मागं वळली. आठ मात्रा सांडल्या. दादा शेवटच्या धा वर आला तेव्हा मी खालीवर होते.

त्याचा धा सभागृहात एकटाच पडला. हात वर घेतलेले लोक तसेच थांबले, कुणाचा खाली आला, कुणाचा नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, काळजीनं. मला पेटीचा भाता सोडून उठून जावंसं वाटलं.

दादानं मात्र माझ्याकडे मान वळवली नाही. तो ठेक्यावर आला. धा धिं धिं धा. एवढंच. नुसता तीनताल, काहीही भरण न करता, अगदी पहिल्या दिवशी वर्गात शिकवतात तसा. चुकलेली ओळ समेवर येईपर्यंत त्यानं ठेक्याची सम माझ्या खालीखाली हळूच सरकवून घेतली, दोन आवर्तनं मला उभं राहू दिलं आणि मग तीच चक्रदार पुन्हा पहिल्यापासून वाजवली. या वेळी आम्ही एकत्र आलो. टाळ्या झाल्या. घरी जाताना सर एवढंच म्हणाले, "तबला ऐक, जरूर ऐक. पण त्याच्या मागं जाऊ नकोस. तो तुझ्याकडे परत येणार आहे, तेव्हा तू घरी असायला हवीस."

ध्वनिमुद्रणात मी तेव्हापासून लेहराच शोधत असते. आमच्या घरी रेडिओवरून उतरवलेल्या कॅसेटी होत्या, त्यांत तबला कानाशी आणि लेहरा शेजारच्या वाड्यातून आल्यासारखा. अहमदजान थिरकवाँसाहेबांची जी ध्वनिमुद्रणं मी ऐकली त्यांतही असंच. थिरकवाँसाहेब म्हणजे मराठी कानाला तबला ऐकायला शिकवणारा माणूस. ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते, आणि नाटकाला आलेल्या प्रेक्षकाला पदाबरोबर त्यांचा हातही ऐकायला मिळत होता. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७६ च्या जानेवारीत लखनौला ते गेले. त्यांचा कायदा ऐकताना आजही बोटांची टोकं दिसतात. पण त्यामागं ओळ धरणारा कोण होता, किती थकला असेल, कुठल्या क्षणी त्यालाही भुरळ पडली असेल, यातलं काही उरलेलं नाही.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात स्वतंत्र वादन म्हणजे तासाभराच्या जेवणातून एकच घास उचलून द्यायचा. पेशकाराची वाट पाहायला लावणारी लय त्यात येणं शक्यच नव्हतं. पुढं लाँग प्ले आली, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त जागा झाली, मग कॅसेट, मग सीडी, आणि आता हवं तितकं. जागा वाढत गेली तरी लेहरा मागंच राहिला. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं म्हणणं मला समजतं. लोक तबला ऐकायला आलेत, ओळ तीच ती, तिचा आवाज वर ठेवला तर कंटाळा येईल. मला हे मान्य नाही. ओळ नीट ऐकू आली नाही तर तिहाई नुसता वेगवान आवाज होते. आपण कुठून निघालो आणि कुठं पोचायचंय हे ऐकणाऱ्याला कळलंच नाही, तर पोचल्याचा आनंद त्याला कसा मिळणार?

तबलावादक झाकिर हुसेन, आमचे झाकिरभाई, यांच्याबरोबर सारंगीवर सुलतान खाँ असायचे ती ध्वनिमुद्रणं याला अपवाद वाटतात. सारंगीचा लेहरा गातो. ओळ तीच, पण एका आवर्तनात मींड जरा लांबते, दुसऱ्यात एखादी मुरकी येते आणि समेचा सूर मात्र खुंट्यासारखा जिथल्या तिथं. माझ्या पेटीला ते जमत नाही. मी ती ध्वनिमुद्रणं तबल्यासाठी ऐकायला बसते आणि सारंगीपाशी थांबते. १५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाई गेल्याची बातमी येऊ लागली त्या रात्रीही मी तेच लावलं होतं.

आता इलेक्ट्रॉनिक लेहरा मिळतो, मोबाइलवर ॲप आहेत. राग निवडा, ताल निवडा, लय आकड्यात सांगा. रियाजाला ही फार मोठी सोय आहे. खेड्यातल्या ज्या मुलाला पेटीवाला मिळत नव्हता, त्याला आता पहाटे पाचलाही तीनताल मिळतो. पण कार्यक्रमात यंत्र लावलेलं पाहिलं की माझा जीव खट्टू होतो. यंत्र चुकत नाही हे खरं. ते सावरूनही घेत नाही. वादकानं लय वाढवताना नुसती भुवई उचलली तर ती यंत्राला दिसत नाही.

माझा भाचा पुण्यात शिकतो आणि ड्रम्स वाजवतो. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्यानं मला दोन रात्री बसवून ऐकवलं. आधी लेड झेपेलिनच्या जॉन बॉनहॅमचा 'मोबी डिक'. १९६९ च्या तबकडीवर चारेक मिनिटांचा, आणि मैफलीत पंधरा-वीस मिनिटांवर जाणारा. काठ्या बाजूला ठेवून हा माणूस नुसत्या हातांनी ड्रम वाजवतो तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकले. हाताचा तळवा कातड्यावर पडल्याचा आवाज जगात कुठंही ओळखू येतो.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे स्टेजवरून जातात, आत्या. ड्रमरचा सोलो आहे ना. शेवटी तो खूण देतो, ते परत येतात."

मी बराच वेळ काही बोलले नाही. वीस मिनिटं त्या माणसाला ओळ धरायला कुणीच नाही. सगळं डोक्यात ठेवून तो एकटा जातो आणि एकटा परत येतो. ती ताकद मला दिसली आणि त्या एकटेपणाची थोडी भीतीही वाटली.

मग त्यानं बीटल्सचा रिंगो ऐकवला. 'ॲबी रोड'मधला, १९६९ चाच, 'द एंड' या गाण्यातला. रिंगोला सोलोची आवड नव्हती, हा त्यांच्या तबकड्यांवरचा त्याचा एवढाच सोलो आणि तोही काही सेकंदांचा. पण गंमत पुढं आहे. तो वाजवला जात होता तेव्हा सोबत गिटार आणि खंजिरी चालू होत्या. मिश्रण करताना त्या बंद केल्या, म्हणून तबकडीवर तो एकटा ऐकू येतो. १९९६ साली निघालेल्या त्यांच्या जुन्या मुद्रणांच्या संग्रहात ती गिटार आणि खंजिरी परत वर आणली आहे. भाच्यानं दोन्ही एकापाठोपाठ लावलं. मला एकदम रडूच यायला लागलं. तो घाबरला. त्याला काय सांगणार होते मी? त्या खोलीत कुणीतरी ओळ धरली होती, आणि ती सत्तावीस वर्षांनी ऐकू आली होती.

दुसऱ्या रात्री मी त्याला म्हटलं, असं काही आहे का तुमच्याकडे, जिथं ओळ थांबत नाही? त्यानं डेव्ह ब्रूबेकचा 'टेक फाइव्ह' लावला. १९५९, रचना पॉल डेझमंडची, पाच मात्रांची चाल, ड्रम्सवर जो मोरेलो. सोलो सुरू झाला आणि पियानो मागं हटला नाही. ब्रूबेक तेच पाच मात्रांचे स्वर धरून राहिला, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तीन अधिक दोन, तीन अधिक दोन. त्यावर मोरेलो मोकळा. कुठं नुसता एक ठोका आणि लांब शांतता, कुठं आडवी चाल, आणि प्रत्येक वेळी खाली ती ओळ जागेवर.

"हा लेहरा आहे," मी म्हटलं.

भाचा हसला. "आत्या, हा व्हॅम्प आहे."

नाव काहीही असो. १९५८ साली ब्रूबेक आपला संच घेऊन भारतात आला होता, मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्यानं वाजवलंही होतं. त्यावरून मी कुठलं नातं जोडत नाही. दोन ठिकाणच्या माणसांना एकच गरज पडली असेल. मला एवढंच कळलं की त्या पियानोवाल्याच्या बोटांना चौथ्या मिनिटाला काय होत असेल ते मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी काढली. भाच्याकडे घरात ड्रम्स नव्हते, सरावाचे रबरी पॅड तेवढे बरोबर आणलेले. ते त्यानं दिवाणावर मांडले. मी चंद्रकंस धरला, मध्य लयीत. त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. "सोळा म्हणजे चार बार. सोपं आहे."

पहिली पाच मिनिटं खरंच सोपी गेली. तो प्रत्येक समेला नीट येत होता, जरा जास्तच नीट, शाळेत हजेरी लावल्यासारखा. मग त्याला धीर आला. त्यानं तीन-तीनचे तुकडे घ्यायला सुरुवात केली, डोळे मिटले, काठ्यांचा वेग वाढला आणि तो ओळीपासून लांब गेला. मला ते कळत होतं. तो सम समजून जिथं येऊन पडला ती माझी तेरावी मात्रा होती. त्यानं डोळे उघडले, काठ्या हवेत, चेहऱ्यावर तोच भाव जो कधीकाळी माझ्या चेहऱ्यावर असणार.

मी थांबले नाही. चौदा, पंधरा, सोळा, सम. समेच्या सुरावर भात्याचा जोर थोडा वाढवला, पुढच्या आवर्तनात खालीवर मान हलवली. तो काठ्या मांडीवर ठेवून ऐकत बसला. दुसरं आवर्तनही ऐकलं. तिसऱ्यात त्याचा उजवा पाय हलायला लागला, आणि मी नवव्या मात्रेवर आले तेव्हा त्यानं काठ्या उचलल्या.